तंबूतली आठ गाणी

शिनेमातलं मला लई कळतंय, असं मी सगळ्या निपाणीला सांगून ठेवलं हुतं. कुणी इचारलं न्हवतं, तरी सांगितलं हुतं. शाळंतलं कायच कळत न्हवतं, मग कशातलं तरी कळतंय म्हणायला नको व्हय?

शाळा मी सहावीत सोडली. सोडली म्हंजे, मास्तरांनी बाकावर उभं केलं, बाकाला लागून खिडकी हुती, तिच्यातनं बाहेर उतरलो त्यो परत आत गेलोच न्हाय. मास्तर काय बोलले हुते ते आता आठवत बी न्हाय. राग तेवढा आठवतोय. माझ्या रागाचं असंच हाय, कशानं आला ते इसरून जातंय आन् राग तसाच ऱ्हातोय.

तवापासनं आप्पा मला वखारीत घालायच्या मागं लागले. आप्पा म्हंजे माझे वडील, परशराम मुकादम. तंबाखूच्या वखारीत बायका पानं निवडत बसत्यात, त्यांच्यावर आप्पांची देखरेख. मला वाटलं, मुकादमाचं पोरगं म्हणून मला बी देखरेखच कराय मिळंल. तसं बोललो तर आप्पा म्हणाले, "देखरेख त्या करतील. तुझ्यावर."

वखार मला नको हुती. तंबाखूचा खकाणा नाकात गेला की मी दिवसभर शिंकतोय. मला जायचं हुतं नागोजीमामाबरोबर.

मामा सदलग्याचा. डफावर लावण्या आन् पवाडं म्हणायचा, संगं रवळू तुणतुण्याला. बोरगाव, सदलगा, चिक्कोडी, कुठंबी जत्रा असली की नागोजीचं गाणं ठरलेलं. पण निपाणीच्या माळावर शिनेमाचा तंबू पडला आन् मामाचं बिनसलं. तंबू नेमका मामा जिथं गायचा त्या जागेवर. एका जत्रंत पवाडा ऐन लढाईत आला आसताना पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आता ते होडीचं म्हणा की, शिनेमातलं." मामानं लढाई तिथंच थांबवली, डफ पिशवीत घातला आन् शपथ घेतली की त्या कापडाखाली कवा पाय ठेवणार न्हाय.

त्येच साली बेळगावचे हरिभाऊ मामाला शोधत निपाणीला आमच्या घरी आले. हरिभाऊंचं पेट्या, तबले आन् ग्रामोफोनच्या तबकड्यांचं दुकान. त्यांनी सांगितलं, मुंबईच्या एका कंपनीची माणसं गाणी भरायचं यंत्र घेऊन बेळगावात येणार हायत. खेड्यापाड्यात नागोजीचा आवाज लोकांना पाठ हाय आन् शिनेमाची गाणी बी पाठ हायत, दोन्ही एकत्र केलं तर? आठ गाणी, चार तबकड्या, सगळ्या एका पुठ्ठ्याच्या वहीत घालून. त्येला आल्बम म्हणत्यात.

"वही म्हंजे वाचायची?" मामानं इचारलं.

"वाचायची नाही. पानाच्या जागी पाकीट, पाकिटात तबकडी."

मला हे लई आवडलं. वाचायला न लागणारं पुस्तक मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं.

"पर मला ती गाणी कुठं येत्यात?" मामा म्हणाला. "आन् त्या तंबूत तर मी जाणार न्हाय."

"मी हाय की," मी म्हटलं.

मी तंबूत रोज जायचो. मशीनच्या इंजानाला पाणी आणून द्यायचो, त्यामुळं मशीनवाला मला फुकट आत सोडायचा. होडीचं गाणं, लग्नाचं गाणं, झोपाळ्याचं गाणं, सगळी मला झोपंत सुद्धा म्हणाय यायची. मामानं माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं.

आप्पा म्हणाले, "आल्बम निघू दे. बेळगावात खपला तर पोरगं तुझं, फिरव कुठंबी. न्हाय खपला तर वखार, आन् परत तोंड उघडायचं न्हाय."

"कबूल," मी म्हटलं. मामाला तोंड उघडाय वेळच दिला न्हाय.

शिकवायला बसलो तवा मी मास्तर झालो आन् मास्तराचा राग बी मला लगेच आला. मामाचा गळा पवाड्याचा. होडीतली बाई म्हणत्या हळू, आन् मामा म्हणतोय जसा किल्ल्यावरनं हाक मारतोय. पण चाल त्येनं पटापट धरली. मग आम्ही आलो त्या जागंवर जिथं पहिलं कडवं संपतंय.

"ह्यितं डफावर एक टक् हाणायचं," मी म्हटलं.

"टक् कशाला?"

"मुंबईची रीत हाय."

"बाई होडीत हाय. होडीत टक् कोण करतंय?"

"वल्हं आपटलं आसंल."

मामानं टक् हाणलं. "बरं. पुढं?"

"पुढं बाई देवळात हाय. केस वले, आन् रडालीय."

"होडीतनं एकदम देवळात? कशी गेली?"

"मामा, शिनेमात कुणी चालत न्हाय. तेवढा येळ नसतोय."

रवळूनं तुणतुणं खाली ठेवलं आन् माझ्याकडं बघत बसला. त्येला मी डोळं वटारलं.

मग राहिली गाण्यातली शेवटची हरकत. गाणं संपत आलं की त्या बाईचा आवाज खाली बसायचा. एकदम न्हाय, हळूहळू, म्हशीनं पाण्यात बसावं तसा. बारीक आवाज जाड व्हायचा, जाडाचा बाप्या माणसासारखा व्हायचा, आन् मग परत वर यायचा. तंबूत ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी मामाला ते करून दाखवलं.

"हे काय?"

"तिला रडू येतंय, म्हणून."

मामा ते बी शिकला. लग्नाच्या गाण्यात तीच हरकत आली तवा तो थांबला.

"ही का रडत्या? हिचं तर लगीन हाय."

"लग्नातच रडत्यात की, मामा."

बहिणीच्या लग्नात तो सोता रडला हुता, आई सांगती. मग दिवसभर मामाच्या सोप्यात आवाज खाली बसायचा आन् वर यायचा. शेजारची नागुबाई एकदा इचारून गेली, नागोजीला वैद्याकडं न्हेऊ या का म्हणून.

बेळगावला आम्ही सर्विस मोटारीनं गेलो. कंपनीनं गाणी भरायला कंग्राळीच्या रस्त्याला एक रिकामा बंगला घेतला हुता, टांग्यांचा आवाज येऊ नये म्हणून. आत सगळ्या भिंतीला वाकळा टांगलेल्या. यंत्रावरचा माणूस मद्रासकडचा. त्येला मराठी येत न्हवतं आन् आम्हाला त्येचं काय कळत न्हवतं. हरिभाऊंना शिनेमातलं गम्य न्हवतं, ते आयुष्यभर नाटकवाले. म्हंजे त्या बंगल्यात गाण्यातलं कळणारा मी एकटा, अशी माझी समजूत.

हरिभाऊंची पोरगी बेबी चहाची किटली घेऊन आलती. माझ्याच वयाची, हायस्कुलात जाणारी. मामा आन् रवळू एकदा म्हणून बघत हुते, ते तिनं दारात उभं राहून ऐकलं.

"होडीच्या गाण्यात एक कडवं राहिलंय," ती म्हणाली.

"कुठलं?" मी इचारलं.

"मधलं. आणि ते टक् काय आहे?"

"तू कुठं बघितलास ह्यो शिनेमा?"

"इथंच. थेटरात."

"मी तंबूत बघितलाय. रोज. तू एकदा बघून मला शिकवालीस व्हय?"

"दोनदा बघितलाय. आणि आमच्या घरी त्याची रेकॉर्ड आहे. चला, वाजवून दाखवते. लांब नाही."

"रेकार्ड लावून शिकतोय त्यो गवई न्हवं," मी म्हटलं. हे वाक्य मला कुठनं सुचलं देव जाणे. बोलून झाल्यावर मला ते इतकं आवडलं की आता माघार घेणं शक्यच न्हवतं.

मामानं हे सगळं ऐकलं हुतं. तो बेबीला म्हणाला, "पोरी, ह्यो शाळंत कायबी शिकला न्हाय. पर शिनेमा शिकलाय. त्येच्यावर माझा इस्वास हाय."

बेबी म्हणाली, "मग चहा घ्या," आन् किटली ठेवून गेली. मी रागानं तिचा चहा प्यालो न्हाय. दिवसभर घसा कोरडा पडला.

गाणी भरायला लागली. मेणाच्या जाड थाळीवर एकदा रेघ उमटली की पुसता येत न्हाय, म्हणून हरिभाऊंनी आम्हाला शिंकायची बी बंदी केली. लाल दिवा लागला. मामा गायला. पहिलं कडवं, टक्, दुसरं कडवं, सगळं झकास. मग आवाज खाली बसाय लागला, आन् मद्रासी एकदम उठला. त्येला वाटलं यंत्रच मंद झालं. त्येनं हात करून गाणं थांबवलं, थाळी फेकून दिली, यंत्र उघडलं, तेल घातलं, परत लावलं. परत आवाज खाली बसला. परत त्यो उठला. तिसऱ्या खेपेला हरिभाऊंनी त्येला खुणा करून सांगितलं की यंत्र ठीक हाय, माणूसच तसा गातोय. मद्राशानं मामाकडं बघितलं आन् हात जोडले. मला वाटलं, केवढा मान दिला.

दिवाळीच्या आधी आल्बम आला. निळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरात 'नागोजी सदलगेकर'. माझं नाव कुठं न्हवतं. मी पाकिटाच्या आत बी बघितलं.

हरिभाऊंनी दुकानात बैठक ठेवली. वकील, कचेरीतले कारकून, दोन मास्तर, सगळे पांढऱ्या टोप्या घालून. मामा नवा पटका बांधून पुढं बसला, मी त्येच्या शेजारी, आता कुणीतरी शिकवणाऱ्याचं नाव इचारंल म्हणून तोंड तयार ठेवून. होडीचं गाणं लागलं. टक् झालं तशी दोघांनी भुवया वर केल्या. पुढं गेलं. मग आवाज खाली बसाय लागला, आन् एक कारकून उठून ग्रामोफोनला चावी द्याय लागला.

"स्प्रिंग उतरली वाटतं," त्यो म्हणाला.

गाणं वर आलं. सगळ्यांना बरं वाटलं. तबकडी उलटून लग्नाचं लावलं. परत आवाज बसला, परत कारकून उठला. तिसऱ्या गाण्याला त्येनं इतकी चावी दिली की आतनं कट् असा आवाज आला आन् मामा तोंड उघडं ठेवून गप्प झाला, म्हंजे तबकडीवरचा मामा. शेजारचा मामा तर आधीच गप्प हुता.

त्या आठवड्यात जे दोनचार आल्बम गेले ते परत आले. हरिभाऊंनी मामाला आन् मला घरी बोलावून सांगितलं, "नागोजीराव, तुमचा आवाज चांगला आहे. पण लोक चावी देऊन देऊन दमले. बेळगावात हे खपणार नाही."

मी भांडायला तोंड उघडलं, तवर बेबीनं आतनं तिची रेकार्ड आणून लावली. मला न इचारता.

ती होडीतली बाई म्हणाय लागली. पहिलं कडवं झालं. टक् आलं न्हाय. टक्च्या जागी एक अख्खं कडवं आलं, जे मी जन्मात ऐकलं न्हवतं. पहिल्यांदा मला वाटलं, मुंबईवालीच चुकली. मग शब्द कानात शिरले. वारा सुटला, होडी उलटली, कुणीतरी तिला पाण्यातनं काढून देवळात आणलं. म्हंजे होडी बुडाली हुती. रोज ते गाणं म्हणत फिरालतो, आन् होडी बुडालेली मला ठाऊकच न्हवती. केस वले का, ह्येचा बी इचार मी केला न्हवता.

शेवटाला आवाज खाली बसला न्हाय. सरळ गेला आन् संपला.

मग सगळं डोळ्यापुढं आलं. मशीनवाल्याची शिनेमाची पट्टी तुटायची, तो ती दातानं तोडायचा, पुढचा-मागचा तुकडा चिकटवायचा, आन् राहिलेला खिशात घालायचा. मी शेजारीच पाण्याची घागर घेऊन उभा असायचो. चिकटवलेली जागा दिव्यापुढनं गेली की टक् वाजायचं. आन् आवाज बसायचा तो इंजान दमलं की, ज्या इंजानाला मी सोता पाणी घालत हुतो. हे सगळं मी माझ्या डोळ्यानं बघितलं हुतं. पर एवढी आक्कल आसती तर मी खिडकीतनं कशाला उतरलो आसतो?

बेबी काय हसली न्हाय. हसली आसती तर बरं झालं आसतं, मला भांडता तरी आलं आसतं.

परतीच्या मोटारीत बसलो. हत्तरगी गेली. संकेश्वर यायच्या आधी मामा माझ्याकडं वळला.

"शाम्या, वल्हं आपटलं म्हणालतास न्हवं?"

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. मोटारीची खिडकी बारकी हुती, न्हायतर उतरलो आसतो.

सोमवारी सकाळी आप्पा नुस्तं चपला घालून दारात उभे राहिले. मी मागनं गेलो.

वखारीत मला मनुबाईच्या ओळीत बसवलं. मनुबाई सगळ्या निवडणाऱ्या बायकांची म्होरकी. चांगलं पान उजवीकडं, डागाचं डावीकडं, चुरा मागं, एवढंच काम. मी शिंकलो की तिन्ही ढीग एक व्हायचे.

"पोरा, तोंड तिकडं कर," मनुबाई म्हणायची. तिकडं केलं की तिकडच्या ढिगाचं वाटोळं.

दोनचार दिवसांनी दुपारी बायका गाणं म्हणाय लागल्या. होडीचंच. मी मान वर केली न्हाय. पहिलं कडवं झालं आन् सगळ्यांनी मिळून पानांच्या जुडीवर हात आपटला. टक्. मग बाई देवळात. आन् शेवटाला वखारभर आवाज असा खाली बसला की बाहेरच्या बैलानं मान वळवली.

मला राग आला. कशाचा ते मलाच कळलं न्हाय.

"चुकीचं म्हणालाय तुम्ही," मी म्हटलं. "मधी एक कडवं हाय. होडी बुडत्या."

"कोण म्हणतंय?"

"मी बेळगावात खरी रेकार्ड ऐकल्या."

"गप रं. आम्ही डोळ्यानं बघितलंय, होडीतनं सरळ देवळात. बुडली आसती तर दिसली नसती?"

"ती पट्टी तुटली हुती, मनुबाई. तंबूवाल्यानं कापून चिकटवली हुती. गावोगाव तीच फिरली."

"मग ह्या बाजूच्या समद्या गावांनी बघितलं ते खोटं, आन् तू एकट्यानं ऐकलंस ते खरं?" ती बाकीच्या बायकांकडं वळली. "आगं, ह्येचाच मामा किती बरोबर म्हणतोय. बोरगावच्या बाजारात त्येची तबकडी भोंग्यावर लावलीती परवा. हुबेहूब तंबूत ऐकल्यासारखं. आन् भाच्याला बघा."

बंगल्याच्या दारातल्या बेबीसारखी माझी गत झाली, एवढंच की माझ्या हातात किटली न्हवती.

त्या बोरगावच्या भोंग्यामुळंच पुढचं झालं. आठवड्याभरात मामा वखारीच्या दारात येऊन उभा राहिला, पटका बांधून, डफाची पिशवी खांद्याला. हरिभाऊंनी परत आलेले आल्बम बाजारच्या दिवशी इकडं पाठवले हुते, आन् बोरगावात, सदलग्यात लोकांनी ते उचलले. आता जत्रंची बोलावणी आलती. नुस्ती गाणी न्हवं, तंबूतल्यासारखी गाणी पायजेत म्हणत हुते.

"दाजी, पोरगं द्या," मामा आप्पांना म्हणाला. "तंबूत नवा शिनेमा आलाय. मी तर आत जाणार न्हाय. शिकवायला कोण?"

"आल्बम बेळगावात खपला का?" आप्पांनी इचारलं.

मामानं पटका सारखा केला. "बेळगावात न्हाय."

"ठरलं हुतं ते बेळगावचं."

मामा खोटं बोलणाऱ्यातला न्हवं. आप्पा शब्दातनं हलणाऱ्यातले न्हवंत. मी दोघांच्या मधी बसलेलो, हातात डागाचं पान. तेवढ्यात शिंक आली.

मनुबाई उठली. तिनं माझ्या उजवीकडचा ढीग उचलला आन् आप्पांच्या पुढं ठेवला.

"मुकादम, हे बघा. ह्येच्यात चांगलं पान कुठलं, तुम्हीच दावा. ह्यो आल्यापासनं आम्ही दोनदा निवडालोय, एकदा आमचं, एकदा ह्येचं. बेळगावात खपू दे न्हायतर न खपू दे, ह्येला घालवा. तंबाखू तरी वाचंल."

बायका हसल्या. आप्पांनी ढिगात हात घातला, एक पान काढलं, उजेडाला धरलं, दुसरं काढलं. त्यांना तंबाखूतलं खरंच कळतंय. ते बराच येळ बघत राहिले.

"जा," ते म्हणाले. "आधी अंगावर पाणी घे. शिंकत गाशील."

म्हंजे मी सुटलो. गाण्यामुळं न्हवं, कामाला नालायक म्हणून. तरी सुटलो हुतो, आन् हौदावर डोस्कं धुताना मला आपण काहीतरी मिळवल्यासारखं वाटाय लागलं. त्या जोरावर मी मामाला बजावलं.

"आता एक सांगतो. ह्या खेपेला आधी बेळगावच्या थेटरात बघायचं. खरं काय ते शिकायचं. कडवं गाळायचं न्हाय, टक् न्हाय, आवाज बसवायचा न्हाय."

मामा चालायचा थांबला.

"बेळगावला जायचं न्हाय," तो म्हणाला. "तंबूतच बसायचंस. इंजानाच्या जवळ."

"आन् पट्टी तुटली तर?"

"तुटली तर नीट ध्यान दे."

"मामा, ते चूक हाय. मला आता ठाऊक हाय. मी चुकीचं शिकवणार न्हाय."

"मग मनुबाईला हाक मारू?"

मी मागं बघितलं. वखारीच्या दारात ती पदरानं तोंड पुसत उभी हुती, माझ्या ढिगातली पानं परत निवडायच्या आधी जरा वारा खात. मी मामाच्या खांद्यावरनं डफाची पिशवी काढून घेतली आन् माळाकडं चालाय लागलो.